ओल्गा ब्रेदी आणि चाळिसाव्याचं भाषण

लेबनॉनमधल्या आमच्या झहले गावात कुणी गेलं की पहिला निरोप जायचा चर्चमध्ये, दुसरा शवपेटी बनवणाऱ्याकडे आणि तिसरा ओल्गा ब्रेदीच्या लोकरीच्या दुकानात. चाळिसाव्या दिवसाच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, घरातल्या कुणीतरी उभं राहून गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द वाचायचे असतात, आणि ते चार शब्द लिहून द्यायची ओल्गा.

दुकान तिच्या वडिलांचं. लोकरीचे गुंडे, बटणं, सुया, लेस, अस्तराचं कापड. ओल्गाने लग्न केलं नव्हतं. ‘जमलं नाही,’ असं ती सांगायची. ‘जमू दिलं नाही,’ असं तिची भावजय ऑदेत सांगायची.

लिहिण्याचं खूळ तिला वडील गेले तेव्हा लागलं. अंत्यविधीला बाहेरगावचे पाद्री आले होते. त्यांनी भर प्रवचनात वडिलांना ‘या मातीत राबलेला शेतकरी’ करून टाकलं. वडिलांनी जन्मात कुदळ धरली नव्हती. ओल्गाला ते इतकं लागलं, की चाळिसाव्याला तिने स्वतः एक पान लिहिलं आणि भावाला वाचायला लावलं. भाऊ वाचता वाचता रडला, मग सगळं चर्च रडलं. पुढच्याच महिन्यात शेजारीण आली, मग शेजारणीची बहीण आली. ओल्गा पैसे घेत नसे. लोक द्राक्षाच्या काकवीची बरणी द्यायचे, घरच्या लबनेचे, म्हणजे घट्ट चक्क्याचे, गोळे द्यायचे.

तिच्या लिखाणात गेलेला प्रत्येक माणूस मेणबत्तीसारखा दुसऱ्यांसाठी जळलेला असे. त्याच्या दारातून कुणी रिकाम्या हाताने गेलेलं नसे. शेवटी स्वर्गात घंटा वाजत आणि देवदूत त्याला हात धरून आत नेत. मागच्या बाकांवरच्या बायका किती रुमाल ओले झाले यावरून ओल्गाचं काम कसं झालं ते ठरवायच्या. युद्ध आलं, गेलं, गावातली निम्मी पोरं ब्राझीलला नि कॅनडाला गेली, ओल्गाचे केस पिकले. मेणबत्त्या जळतच राहिल्या.

ओल्गा साठीला टेकली तेव्हा आमच्या चर्चमध्ये बुत्रोस नावाचे तरुण धर्मगुरू आले; आमच्याकडे फादरला अबूना म्हणतात. उंच, किडकिडीत, चष्म्याला कायम बोटांचे ठसे. आल्याबरोबर त्यांनी वेदीवरून जाहीर केलं, की दर गुरुवारी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मागच्या हॉलमध्ये लिहिणाऱ्यांची बैठक भरेल. कविता, गोष्टी, आठवणी, जे असेल ते आणा. नियम एकच. वाचून झाल्यावर पहिल्या फेरीत कुणी कौतुक करायचं नाही.

ओल्गा पहिल्याच गुरुवारी गेली. अंगावर चांगला निळा कोट, हातात तिचं सगळ्यात गाजलेलं पान. भट्टीवाल्या इब्राहीमसाठी लिहिलेलं. हॉलमध्ये मोजकीच डोकी होती. एक निवृत्त शिक्षिका जॉर्जेतबाई, आमच्या भाषेत सित्त जॉर्जेत; अर्ध्या गावाला तिने अरबी शिकवलं होतं आणि उरलेलं अर्धं गाव तिला नुसतं बघून घाबरत असे. दुसरा दातांचा डॉक्टर कमील, हा यमक जुळवून कविता करायचा. तिसरा बैरूतच्या बसचा ड्रायव्हर मिलहेम. तो एक रहस्यकथा लिहीत होता आणि तिच्यात प्रत्येक प्रकरणाला एक पाद्री मरायचा. अबूना ते हसत ऐकून घ्यायचे.

ओल्गाने वाचलं. शेवटच्या घंटांपाशी तिचा स्वतःचाच आवाज भरून आला. तिने मान वर केली. कुणाच्या डोळ्यांत टिपूस नाही.

“हा इब्राहीम कोण?” सित्त जॉर्जेतने विचारलं.

“कोण म्हणजे? भट्टीवाला इब्राहीम! तुमच्याच गल्लीतला.”

“तो? तो तर बुटका होता. सकाळी सकाळी गिऱ्हाइकांना शिव्या घालायचा. मनकूशच्या रोटीवर झातरचा मसाला टाकायला त्याच्या जिवावर यायचं. तू लिहिलेला माणूस मला काही कधी भेटला नाही.”

“सित्त, माणूस गेलाय...”

“गेलाय म्हणूनच सांगते. यातलं त्याचं नाव काढ आणि माझं घाल. चालतंय की नाही?”

मिलहेम मागून म्हणाला, “चालतंय की! माझंही घाला, ओल्गा. दोघांचं एकदम उरकून जाईल.”

सगळे हसले. अबूनांनी हसू दाबलं, ते तिला दिसलं. तिने पान घडी करून पर्समध्ये घातलं आणि कॉफी न घेता घरी आली.

“मी तुला आधीच म्हटलं होतं,” ऑदेत म्हणाली. तिने आधी काहीही म्हटलं नव्हतं. “त्या जॉर्जेतला नवऱ्याने नांदवलं नाही, ती तुझं काय नांदवणार? जाऊ नकोस परत.”

ओल्गा त्या रात्री नुसती धुमसली. पण सकाळी दुकानात लोकर लावताना तिने सहज एक करून बघितलं. स्वतःची जुनी भाषणं आठवायची आणि कुठलं कुणासाठी लिहिलं ते ओळखायचं. पानंच्या पानं पाठ होती तिला. पण हे वाक्य शिंपिणीचं की पोस्टमास्तरचं? हा परिच्छेद रोझच्या आईचा की इब्राहीमच्या भावाचा? तिला सांगता येईना. वडिलांचं तेवढं ओळखता आलं. त्यात ते दाताने दोरा तोडायचे, असं एक वाक्य होतं.

पुढच्या गुरुवारी ती पुन्हा गेली आणि खुर्ची ओढून थेट सित्त जॉर्जेतच्या समोर बसली.

“सांगा. कसं लिहायचं?”

“मला काय ठाऊक?” जॉर्जेत म्हणाली. “मी आयुष्यभर व्याकरण शिकवलं. तू लिहून आण, आम्ही खोडतो. एवढंच आहे इथे.”

आणि त्यांनी खोडलं. वर्षभर खोडलं. ‘मेणबत्ती’ या शब्दावर मिलहेमने बंदीच घातली. मेणबत्ती आली की ओल्गाने सगळ्यांना कॉफी करून पाजायची. पहिले काही महिने तिने पुष्कळ कॉफी केली. अबूना कधी काम द्यायचे: घरातल्या मोरीपाशी उभं राहणं लिहा, पण तुम्हाला काय वाटलं ते सांगायचं नाही. ओल्गा हट्टाने लिहायची. वीज गेली की बॅटरीच्या दिव्याखाली लिहायची, गिऱ्हाईक बटण निवडत असलं की त्याच्या समोर लिहायची. लोक कसं बोलतात ते ती पहिल्यांदाच कान देऊन ऐकू लागली. इतकी वर्षं तिच्या दुकानात येऊन माणसं रडली होती, पण ‘शोकसागर’ असं कुणी एकदाही म्हटलं नव्हतं. एक जण म्हणाला होता, ‘ओल्गा, तिची चप्पल अजून दारातच आहे, उचलायची कुणी?’ असलं काही तिने कधी लिहिलंच नव्हतं.

ती दुसऱ्यांचंही ऐकायला शिकली. मिलहेमच्या गोष्टीत खुनी सिगारेटच्या वासावरून पकडला जायचा होता. ती म्हणाली, “या गावात सिगारेट न ओढणारा कोण आहे, ते सांग. तो आधी सापडेल.” मिलहेमने अख्खं प्रकरण फाडलं आणि पुढच्या आठवड्यात नवं आणलं.

अशात नखले सलीबा वारला.

नखले लोखंडी खिडक्या नि घरात पेटवायच्या शेगड्या बनवायचा. आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ पडतो, तेव्हा घरोघरी नखलेचीच शेगडी धडधडत असे. हाताने कसबी, जिभेने विखारी. मुलगा फरीद साव पावलोला गेला तो गेलाच. बापाशी कित्येक वर्षं बोलला नव्हता आणि मातीलाही आला नाही. मुलगी मिर्ना मॉन्ट्रियलला नर्स, ती आली.

नखलेची बायको मार्सेल काळ्या कपड्यांत दुकानात आली आणि स्टुलावर बसली.

“ओल्गा, माझ्या आईच्या वेळी लिहिलं होतंस ना, तसंच लिही. सगळं चर्च रडलं होतं.”

“लिहिते,” ओल्गा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मिर्ना आली. ओल्गाला ती खाल्तो, म्हणजे मावशी, म्हणायची. ती बसली नाही.

“खाल्तो ओल्गा, आई येऊन गेली ना? एक सांगून ठेवते. ‘प्रेमळ पिता’ असला एक शब्द जरी आला, तर मी भर मिस्सेतून उठून बाहेर जाईन. सगळ्यांच्या देखत.”

“असं का म्हणतेस, पोरी?”

“फरीद ऊद वाजवायचा, तासन्‌तास तारा छेडत बसायचा. आठवतं का तुम्हाला? परीक्षेत नापास झाला म्हणून बाबांनी त्याचा ऊद ऐरणीवर ठेवला आणि घणाने फोडला. आम्हाला समोर उभं करून. त्या दिवसापासून फरीद आमच्या घरात नव्हताच. विमानात नंतर बसला, एवढंच.”

गुरुवारी ओल्गाने बैठकीत हे सगळं सांगितलं. “एकीला स्तुती हवी, दुसरी स्तुती ऐकली तर उठणार. आणि पान एकच.”

“नाही म्हणून सांगा,” डॉक्टर कमील म्हणाला. “किंवा गोड काहीतरी लिहा आणि मोकळ्या व्हा. माणूस देवापुढे गेलाय, आपण कशाला तराजू घेऊन बसायचं? दया म्हणून काही आहे की नाही आपल्या धर्मात?”

सित्त जॉर्जेतने चष्म्यावरून बघितलं. “कमील, तू पापांच्या कबुलीजबाबाला जातोस तेव्हा काय करतोस? अबूनांना कविता वाचून दाखवतोस?”

मिलहेम खो खो हसला. अबूना मात्र गंभीर होते. “डॉक्टरांचं एक बरोबर आहे. तराजू आपला नाही. पण न्यायाधीशाला तराजू लागतो, साक्षीदाराला लागत नाही. जे झालं ते सांगायचं आणि गप्प बसायचं. ओल्गा, तुम्हाला गप्प बसता येईल का?”

“बघते,” ती म्हणाली.

ती मार्सेलच्या घरी गेली. मार्सेल स्वयंपाकघरात मसूर निवडत होती. ओल्गाने न सांगता दुसरं ताट ओढलं आणि तीही निवडू लागली. “सकाळी उठल्यावर काय करायचे गं ते?”

“देवभीरू होते. सगळ्यांच्या अडीनडीला...”

“ते नाही. सकाळी.”

मार्सेलने एक खडा उचलून बाजूला टाकला. मग म्हणाली, “कॉफी उभ्यानेच प्यायचे. बसून प्यायले असं मी कधी बघितलं नाही. कप मोरीत आपटायचे.” थोड्या वेळाने ती स्वतःशीच हसली. “बर्फ पडायला लागला की गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या शेगड्यांचे धुराचे नळ साफ करायला जायचे. प्रत्येकाच्या दारात आधी शिव्या. ‘मेलात का रे, नळ भरेपर्यंत झोपला होतात का?’ मग अर्धा तास छपरावर. परत आले की तोंड काजळीने काळं आणि मलाच ओरडायचे, पाणी गरम का नाही म्हणून.”

“आणि ऊद?” ओल्गाने विचारलं.

मार्सेलचे हात मसुरात तसेच राहिले. ओल्गाला वाटलं, आता ही ताट उचलून आपल्याला घालवून देणार.

“तेही लिहिणार?”

“तू सांगशील तसं.”

खाली रस्त्यावर भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली.

“लिही,” मार्सेल म्हणाली. “फरीदला कळू दे, आम्हाला आठवतंय. त्याला वाटतं, आम्ही विसरलो.”

पहिला खर्डा वाचला तेव्हा सित्त जॉर्जेतची पेन्सिल एका शब्दावर थांबली. “हे ‘निर्दयपणे’ कुणी म्हटलं? मिर्नाने?”

“मी म्हटलं.”

“मग काढ. घण मारला, तुकडे झाले. निर्दय होतं की काय ते बाकांवर बसलेले ठरवतील. तू रागावलीस, म्हणून त्यांना रागावायला जागाच उरली नाही.”

दुसऱ्या खर्ड्याला मिलहेम म्हणाला, “आता हा माणूस मला भेटला. पण याचे हात कुठे आहेत? लोहाराबद्दल लिहिताय आणि हात नाहीत?” ओल्गा घरी गेली आणि नखलेचे हात आठवत बसली. डाव्या अंगठ्याला नख नव्हतं. सुटे पैसे उचलता यायचे नाहीत, म्हणून तो दुकानात हात पुढे करून म्हणायचा, ‘तूच ठेव तळव्यावर.’ तेवढं एकच वाक्य तो मऊ आवाजात बोलायचा. तिने ते लिहिलं.

तिसऱ्या खर्ड्याला अबूनांनी शेवटचा परिच्छेद कंसात घातला. त्यात घंटा होत्या.

ओल्गा उसळली. “हे राहील. तुम्ही पाद्री असून स्वर्ग खोडता?”

“स्वर्ग नाही खोडत. हे वाक्य तुमचं नाही, ते सगळ्यांच्या भाषणात असतं. नखलेसाठी देवाशी काय बोलायचं आहे तुम्हाला?”

“मला काहीच बोलायचं नाही नखलेसाठी!”

“मग तिथून सुरू करा.”

ती चिडून निघून गेली. पण खर्डा घेऊन गेली, आणि रविवारी मिस्सेनंतर अबूनांच्या हातात एक चिठोरं ठेवलं. त्यांनी ते वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं आणि परत दिलं. खोडलं काहीच नाही.

चाळिसाव्या दिवशी वाचायला कुणी तयार होईना. मार्सेलला जमणार नव्हतं, मिर्नाने साफ नकार दिला. आजवर ओल्गाने स्वतःचं एकही पान चर्चमध्ये वाचलं नव्हतं. त्या दिवशी ती निळा कोट घालून पुढे गेली. तिने वाचायला सुरुवात केली.

‘नखले सलीबा कॉफी उभ्याने प्यायचा. त्याच्या डाव्या अंगठ्याला नख नव्हतं. त्याने बनवलेली शेगडी इथल्या बहुतेकांच्या घरी आहे आणि त्याची शिवी इथल्या सगळ्यांनी खाल्ली आहे.’

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकलं. ओल्गा छपरांवरच्या नळांबद्दल वाचत गेली. मग तिने वाचलं: ‘त्याच्या मुलाकडे एक ऊद होता. मुलगा नापास झाला त्या दिवशी नखलेने तो ऐरणीवर ठेवला आणि घणाने फोडला. मुलगी आणि बायको तिथे उभ्या होत्या.’

नखलेचा चुलतभाऊ जिरजिस ताडकन उठला. “हे काय चाललंय? चर्च आहे की चव्हाटा?”

ओल्गाने कागद खाली केला. मग पहिल्या बाकावरून मार्सेल मागे न वळता म्हणाली, “बस खाली, जिरजिस. ओल्गा, वाच तू.”

जिरजिस बसला नाही, बाहेर गेला. दार आपटलं. ओल्गाने चिठोऱ्यावरचा शेवट वाचला.

‘देवा, हा नखले. आम्ही सगळे त्याच्या शेगडीपाशी शेकलो आणि त्याच्याशी नीट बोलणं कुणालाच जमलं नाही. आता तो तुझ्यापाशी आहे. तू बोल त्याच्याशी.’

एकही रुमाल निघाला नाही. सगळे इतके गप्प होते, की धूपदानीची साखळी वाजलेली ऐकू आली. मिर्ना जागेवरच होती, ताठ, हात मांडीवर घट्ट धरून.

नंतर हॉलमध्ये कडू कॉफीचे कप फिरत असताना ती ओल्गापाशी आली.

“तुम्ही त्यांना माफ केलंत का, खाल्तो?”

“मी कोण माफ करणारी? माझा काही ऊद फुटला नाही.”

“मीही नाही केलं,” मिर्ना म्हणाली. “पण बसू शकले.” तिने पान मागितलं, टेबलावर सरळ केलं, फोनने त्याचा फोटो काढला आणि तिथल्या तिथे भावाला पाठवला.

फरीदचं उत्तर लगेच आलं नाही. मिर्ना परत गेली, द्राक्षांचा हंगाम सुरू झाला, आणि एका दुपारी मार्सेल धापा टाकत दुकानात आली. फरीदचा फोन आला होता. काय बोलला? काही नाही. तिथे पाऊस पडतोय म्हणाला, तुझा गुडघा कसा आहे म्हणाला. ‘ते पान कुणी लिहिलं?’ असं विचारलं. पुढच्या रविवारी पुन्हा फोन करीन म्हणाला. मार्सेल हे सांगताना स्टुलावर बसली आणि तिथे पोटभर रडली.

पण गावाला काही हे पान रुचलं नाही. पुढचे कित्येक महिने ओल्गाकडे कुणी फिरकेना. लोक डॉक्टर कमीलकडे जायला लागले; तो यमकात मेणबत्त्या लावून द्यायचा. “झालं समाधान?” ऑदेत म्हणाली. “आता कुणी मेलं तरी तुला सांगायला येणार नाही.” बाजारात जिरजिस ओल्गाला पाहून रस्ता ओलांडायचा. ते तिला लागायचं; ती काही दगडाची नव्हती. पण गुरुवार तिने एकही चुकवला नाही. “जुनं पुन्हा लिहिता येईल का मला?” तिने एकदा सित्त जॉर्जेतला विचारलं. “येईल की,” जॉर्जेत म्हणाली, “पण मग इथे आणू नकोस.”

हिवाळ्यात एक म्हातारा दुकानात आला. कुठल्याशा खेड्यातून बस बदलून आला होता. टोपी हातात धरून उभा राहिला.

“नखले लोहाराचं लिहिणारी तूच ना? माझी बायको गेली. तिचं लिही. सगळं लिही बघ. ती घोरायची, तेसुद्धा. आता झोपच लागत नाही मला.”

ओल्गाने त्याला स्टूल दिलं. त्यानंतर माणसं हळूहळू पुन्हा यायला लागली. पूर्वीइतकी कधीच नाही. येणारी मात्र बसायची, आणि बराच वेळ बोलायची.

यंदा ओल्गा एक गोष्ट लिहितेय. कुणी मेलेलं नाही, कुणी सांगितलेली नाही. बटणांच्या दुकानातल्या दोन बहिणी, आणि दोघींना हवा असलेला एकच भाडेकरू. बैठकीत पहिला भाग वाचला तेव्हा मिलहेम हसून हसून खुर्चीवरून घसरला. सित्त जॉर्जेतने मात्र कागद मागून घेतला आणि धाकट्या बहिणीवर पेन्सिल ठेवली. “हिला काय हवंय ते तुला अजून ठाऊक नाही. पुन्हा लिही.”

“पुन्हा?”

“पुन्हा.”

शुक्रवारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या एक बाई कोटाचं निळं बटण दाखवायला आली. ओल्गा गल्ल्यामागे वाकून लिहीत होती. तिने मान वर न करता हात उंचावला.

“थांब जरा. एवढं वाक्य होऊ दे.”